अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे बारीक दिसायची हौस नाही

"डाएटचं खूळ आहे, दोन दिवस दटावून जेवायला बसवा, होईल सरळ" हे अ‍ॅनोरेक्सियाबद्दल (खाणं जवळजवळ बंद करून वजन धोक्याइतकं उतरतं तो मानसिक आजार) कधीपासून फिरतंय. बाहेरून दिसतंही तसंच, त्यामुळे पटतं. पण हौसच असती तर बारीक झाल्यावर थांबायला हवं ना? इथे वजन उतरतं तशी जाड व्हायची भीती उलट वाढत जाते.

एका प्रयोगात अशा पेशंट बायकांना दारासारख्या फटीतून चालायला लावलं, लक्ष दुसऱ्याच कामात गुंतवून. सहज मावत असूनही त्या खांदे तिरके करून गेल्या! समोर आरसा नाही काही नाही, म्हणजे मेंदूतलं शरीराचं मापच मोठं.

आता केमिकलचं. मूड सांभाळणारं मेंदूतलं केमिकल म्हणजे सेरोटोनिन, ते ज्यापासून बनतं ते ट्रिप्टोफॅन अन्नातूनच येतं, उपाशी राहिलं की तेही घटतं, वजन फार कमी असताना सेरोटोनिनवर चालणाऱ्या डिप्रेशनच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत त्याचं हे एक कारण मानतात (कुठल्याही सायकियाट्रिस्टला विचारून बघा).

आणि उपासमार मेंदूचं काय करते ते बघायचं तर 1944-45 चा अमेरिकेतल्या मिनेसोटाचा उपासमारीचा प्रयोग शोधा, 36 धडधाकट पुरुष, सहा महिने अर्धपोटी, चिडचिडे एकलकोंडे झाले, काहीजण तर रेसिपीची पुस्तकं जमवत बसायचे. त्यांना कुठे बारीक दिसायचं होतं!