नाट्यनिर्माता (मराठी व्यावसायिक रंगभूमी आणि इंदूरचा दौरा)

नाट्यनिर्माता म्हणजे नाटकात पैसा घालणारा, संहिता निवडणारा, दिग्दर्शक आणि नट जमवणारा आणि पडदा पडल्यावर हिशेबाला बसणारा माणूस. ‘निर्माता’ हा शब्द अलीकडचा. संगीत नाटकांच्या काळात त्याला ‘मालक’ म्हणत, आणि मालक बहुधा स्वतःच तोंडाला रंग लावून उभा राहत असे. नाटक उत्तम बसले, पहिला प्रयोग गाजला, वर्तमानपत्रात चार बरे शब्द छापून आले, तरी निर्माता यशस्वी ठरतोच असे नाही. तेच नाटक तो किती दिवस उभे ठेवू शकतो, यावर त्याची किंमत ठरते. म्हणून या धंद्यात माणसाची ओळख नाटकांच्या संख्येइतकीच प्रयोगांच्या आकड्यांवरून होते. त्या आकड्यांत मुंबई-पुण्याबाहेरच्या गावांचा वाटा किती, हे इंदूरच्या उदाहरणावरून चांगले कळते.

मालकांचा काळ. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि पुढची पन्नास वर्षे चालेल असा संसार मांडला. संसार हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. नाटक मंडळीचे बिऱ्हाड असे. आचारी, पंगत, शिकायला ठेवलेली पोरे, गवई, साजिंदे, सामानाच्या पेट्या, सगळे मालकाच्या जिवावर. खेळ नसला तरी चूल पेटवावीच लागे. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा तिघेही मालक होते. पुढे एकट्या बालगंधर्वांवर भार आला. प्रेक्षकांची तुडुंब गर्दी आणि डोक्यावर कर्ज, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला एकाच वेळी कशा येतात, हे त्यांच्याकडे पाहून समजते. उत्पन्न कमी नव्हते. रंगमंचावर काही कमी दिसू द्यायचे नाही, हा हट्ट महाग पडला.

इंदूरचे नाव या काळाशी एका जन्माने जोडले गेले आहे. दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी 1918 मध्ये बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. दीनानाथांची थोरली मुलगी 28 सप्टेंबर 1929 रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यात जन्मली. तिचे नाव आधी हेमा होते. पुढे गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधल्या लतिकेवरून ती लता झाली. मालकाच्या घरात नाटक किती आतपर्यंत शिरलेले असे, याचा याहून चांगला दाखला नाही. बोलपट आल्यावर मंडळीचे दिवस फिरले. मालकांनी सांगलीत चित्रपट काढायला घेतला, 1934 मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ आला आणि कर्ज मागे ठेवून गेला. 1942 मध्ये दीनानाथ वारले तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते.

मालकाचा निर्माता झाला तो साधारण याच सुमारास. मो. ग. रांगणेकरांनी 1941 मध्ये नाट्यनिकेतन काढले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘कुलवधू’ने घरगुती विषय, मोजकी पात्रे आणि आटोपशीर वेळ असलेले नाटक गल्ला भरू शकते हे दाखवून दिले. बिऱ्हाड मोडले. नट आपापल्या घरी राहू लागले आणि प्रयोगाचे पैसे घेऊ लागले. या पैशांना नाटकवाले ‘नाइट’ म्हणतात. प्रयोग सकाळी दहाचा असला तरी नाइटच.

प्रभाकर पणशीकरांची (1931–2011) कारकीर्द या बदलाच्या मधोमध घडली. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने 8 ऑक्टोबर 1962 रोजी दिल्लीत अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ फिरत्या रंगमंचावर उभे केले. त्यात लखोबा लोखंड्याची पाच रूपे करणारा नट वर्षभरात स्वतः निर्माता झाला. 1963 मध्ये काढलेल्या ‘नाट्यसंपदा’ या त्याच्या संस्थेतून पुढे ‘अश्रूंची झाली फुले’ आले आणि 24 डिसेंबर 1967 रोजी ‘कट्यार काळजात घुसली’. वसंतराव देशपांडे आणि जितेंद्र अभिषेकी यांच्या भरवशावर, संगीत नाटक संपले असे सगळे म्हणत असताना ते काढायला निर्मात्याची छाती लागते. नट-निर्मात्याची हीच परंपरा मच्छिंद्र कांबळी यांनी आपल्या ‘भद्रकाली’ या संस्थेतून मालवणीत नेली. बोली कळणार नाही ही भीती धरून ते बसले असते, तर ‘वस्त्रहरण’चे पाच हजारांवर प्रयोग झालेच नसते. छायाचित्रकार असलेले मोहन वाघ ‘चंद्रलेखा’ या नाट्यसंस्थेचे निर्माते झाले. सुधीर भट यांच्या ‘सुयोग’ने ‘मोरूची मावशी’ पुन्हा आणली आणि ‘एका लग्नाची गोष्ट’ गावोगाव फिरवली.

आता हिशेबाचे बोलू. निर्मात्याचा खर्च दोन तऱ्हांचा. नेपथ्य, वेशभूषा, तालमी, संगीत आणि सुरुवातीच्या जाहिराती हा एकदाच होणारा खर्च. थिएटरचे भाडे, नाइट, लेखकाचे मानधन, रंगमंच कामगार, टेंपो-बस आणि रोजची जाहिरात हा दर प्रयोगाचा. पहिला खर्च वसूल व्हायचा तो दुसरा भागून उरलेल्या पैशातून, म्हणजे थेंबाथेंबाने. मुंबईत शनिवार-रविवारच्या तारखांसाठी रस्सीखेच असते आणि मधल्या वारी अर्धे थिएटर रिकामे पाहायची तयारी ठेवावी लागते. म्हणून ‘कंत्राटी प्रयोग’ निर्मात्याला आवडतो. गावातली संस्था किंवा कंत्राटदार ठरलेली रक्कम देतो. तिकिटे खपोत न खपोत, ती चिंता त्याची. दौरा लांबचा असला, की मात्र प्रवासच सगळे खाऊन टाकतो.

इंदूरने या अडचणीवर स्वतःची तोड काढली आहे. होळकरांच्या या शहरात मराठी वस्ती जुनी. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. हौशी नाटकाची घडी इथे बाबा डिके यांच्या ‘नाट्यभारती’ने बसवली. मुंबईचे व्यावसायिक नाटक नियमाने येऊ लागले ते मात्र सानंद न्यास या इथल्या संस्थेच्या सभासद पद्धतीमुळे. सभासद वर्षाची वर्गणी आधी भरतात आणि त्यांचे पाच समूह पाडलेले असतात : रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार, वसंत आणि बहार. नावे ठेवतानाही शहराने आपली माणसे विसरलेली नाहीत. रामूभैया दाते म्हणजे भावगीत गायक अरुण दाते यांचे वडील, पट्टीचे रसिक. बारपुते ‘नई दुनिया’चे संपादक, हिंदी पत्रकारितेतले मोठे नाव.

खंडवा रोडवरच्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या सभागृहात एकाच नाटकाचे पाच प्रयोग दोन दिवसांत होतात. शनिवारी दुपारी आणि रात्री, रविवारी सकाळी, दुपारी आणि रात्री. कोणत्या समूहाला कोणती वेळ, हे नाटकागणिक बदलते. निर्मात्याच्या वहीत याचा अर्थ सरळ आहे. एका प्रवासाचा खर्च पाचांत वाटला जातो. सेट एकदाच लागतो आणि एकदाच उतरतो. प्रेक्षक आधीच ठरलेला असल्याने जाहिरातीचा छदामही लागत नाही. मुंबईत ज्या पाच प्रयोगांना दोन-तीन आठवडे जातात, ते इथे शनिवार-रविवारात उरकतात.

नटांचा घसा मात्र बसतो. रविवारी रात्रीचा समूह गंभीर नाटकाच्या वेळी थोडा कुरकुरतो, की आमच्या वाट्याला दमलेला प्रयोग आला. ही तक्रार मला फारशी पटत नाही. विनोदी नाटकाला तर तो शेवटचाच प्रयोग अधिक बरा होतो. चार प्रयोगांत इथला माणूस कुठे हसतो ते नटांना नेमके कळलेले असते. पुण्यात टाळी घेणारा स्थानिक टोमणा इंदुरात पाण्यात जातो आणि हिंदीची चव असलेले साधे वाक्य हशा घेऊन जाते. हुशार नट रविवारी दुपारपर्यंत ती जागा दाबून धरायला शिकलेला असतो.

सामान मुंबई-आग्रा रस्त्याने येते. नाशिक, धुळे, सेंधवा, मग खलघाटला नर्मदा. शनिवारी सकाळी सभागृहाच्या मागच्या दाराशी टेंपो उलटा लागतो. चौघे जण फ्लॅट म्हणजे नेपथ्याच्या भिंती उतरवतात, लेव्हल म्हणजे उंचवट्याचे चौथरे आत सरकतात, कोणीतरी खिळ्यांचा डबा शोधत असतो. मुंबईच्या थिएटरच्या मापाने बनवलेला दिवाणखाना इथल्या मंचावर कुठे बसवायचा, यावर थोडी हुज्जत होते. सोफा हातभर पुढे येतो, खिडकी विंगेत सरकते आणि प्रकाशयोजना करणारा शिडीवरून ओरडतो की अजून अर्धा हात मागे घ्या. निर्माता स्वतः आला असेल तर या वेळी तो बहुधा चहाचा कप घेऊन रिकाम्या प्रेक्षागृहात मागच्या रांगेत बसलेला असतो, कारण शेवटच्या खुर्चीवरून काय दिसते ते त्याला आधी पाहायचे असते.

रविवारी रात्री पडदा पडला, की कलावंत सराफ्यात, म्हणजे रात्री खाण्याची दुकाने लागतात त्या सराफा बाजारात, खायला जातात आणि रंगमंच कामगार सेट उतरवतात. पाच प्रयोगांचे आकडे वहीत चढतात. गावच्या प्रयोगाला मुंबईच्या प्रयोगाइतकेच मोजले जाते, म्हणून शतक किंवा पाचशेवा प्रयोग साजरा करणाऱ्या जाहिरातीत इंदूरचे नाव कुठेच नसले, तरी त्यातले पाच इथले असतात.