अंकांच्या खुणांवरून संख्या ओळखण्याची कोडी

लपवलेल्या संख्येतील अंक, त्यांच्या जागा, बेरीज, सम-विषमता किंवा विभाज्यता यांविषयी मोजकीच माहिती देऊन ती संख्या शोधायला लावणारा गणिती कोड्यांचा प्रकार. महाराष्ट्रातील मुलांना तो शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत आणि पुढे दहावीच्या बीजगणितात भेटतो. उदा., ‘दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास संख्या २७ ने वाढते. ती संख्या कोणती?’ अदलाबदलीमुळे पडणारा फरक नेहमी दोन अंकांच्या वजाबाकीच्या नऊपट असतो. म्हणजे एकक दशकापेक्षा ३ ने मोठा; उत्तर ३६. समीकरण न मांडताही हे तोंडी सुटते.

अंकांचा क्रम बदलला तरी फरकाला ९ ने भाग जातोच. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या ६१७४ या प्रसिद्ध स्थिरांकातही हा गुण दिसतो. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि उत्तरावर (ते तीन अंकी आल्यास आधी ० धरून) तीच कृती करत राहावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते.

या प्रकारातले सर्वांत देखणे कोडे असे: १ ते ९ हे अंक एकेकदाच वापरून अशी संख्या करा, की पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ ने, पहिल्या तीन अंकांच्या संख्येला ३ ने, याप्रमाणे शेवटी पूर्ण संख्येला ९ ने भाग जाईल. एकूण मांडण्या ३,६२,८८०. मात्र पाचव्या जागी ५ च हवा. सम जागांवर सम अंक येणार, म्हणून उरलेल्या विषम जागांवर १, ३, ७, ९. चौथा अंक ४ च्या कसोटीमुळे २ किंवा ६ च असू शकतो, कारण त्याच्या आधी विषम अंक आहे. ८ च्या कसोटीमुळे आठव्या अंकाचेही तसेच. मग ४ आणि ८ दुसऱ्या व सहाव्या जागी जातात. चौथ्या ते सहाव्या अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जायला हवा, त्यामुळे मधले त्रिकूट २५८ किंवा ६५४. बाकीच्या अटी लावल्यावर दहाच उमेदवार उरतात आणि ७ ची कसोटी त्यांतले नऊ बाद करते. उत्तर ३८१६५४७२९. इथे ९ ची अट काहीच काम करत नाही, कारण १ ते ९ ची बेरीज ४५ असल्याने ती आपोआप पाळली जाते. चांगल्या कोड्यात सहसा असे होऊ नये. या कोड्याला मात्र ते शोभते, कारण अटींची माळ त्यामुळे पूर्ण होते.

‘बुल्स अँड काउज’ या दोघांच्या खेळात खुणा आधी मिळत नाहीत. अंदाज करून त्या मिळवाव्या लागतात. अंक आणि जागा दोन्ही जुळल्यास बुल, नुसता अंक जुळल्यास काऊ. याच धर्तीच्या ‘मास्टरमाइंड’ या रंगांच्या खेळात सहा रंग व चार जागांच्या १,२९६ शक्यता असतात. त्यांतली कोणतीही जास्तीत जास्त पाच अंदाजांत सापडते, हे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये दाखवले.