‘धर्म’ या रकान्यात नास्तिकाने काय लिहावे?

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारात येते, तेव्हा कोकणातला देव न मानणारा माणूसही अंगण सारवून घेतो आणि पालखीला खांदा देतो. तो गावाचा मान आहे, असे तो सांगतो आणि गावालाही त्यात काही वावगे वाटत नाही. हाच माणूस मुलाच्या शाळेचा अर्ज भरताना ‘धर्म’ या रकान्यापाशी मात्र अडतो. नास्तिकता हा धर्म मानता येईल का, हा प्रश्न आज ज्या रूपात विचारला जातो, ते रूप या रकान्याने घडवले आहे, असे माझे मत आहे.

आपल्या परंपरेत ‘नास्तिक’ या शब्दाचा रोख मुळात ईश्वराकडे नव्हता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला ११वा श्लोक म्हणतो, की तर्कशास्त्राच्या आधाराने श्रुति-स्मृतींचा अवमान करणाऱ्या द्विजाला साधूंनी बहिष्कृत करावे, कारण ‘नास्तिको वेदनिन्दकः’. म्हणूनच वेदांना प्रमाण मानणारी, पण जगाचा कर्ता ईश्वर न मानणारी पूर्वमीमांसा आस्तिक दर्शनांत बसली, तर जैन, बौद्ध आणि चार्वाक नास्तिक ठरले. या तिघांपैकी दोघांचे धर्म झाले. चार्वाकांचा झाला नाही. त्यांचा विचार बहुतांशी विरोधकांच्या ग्रंथांतूनच आपल्यापर्यंत पोहोचला. १४व्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तले पहिले प्रकरण त्यांचे आहे, तेही खंडनासाठी मांडलेले.

ज्या ग्रंथात ही व्याख्या आहे, तो २५ डिसेंबर १९२७ रोजी कोकणातच, महाडला, जाळला गेला. त्या सत्याग्रहाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. धर्म सोडायचा म्हणून ते निधर्मी झाले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कोकणातल्या बौद्धवाडीच्या विहारात आज त्रिशरण आणि पंचशील म्हटले जाते, तेव्हा त्यात बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणे असते, पाच आचारनियम असतात, पण ईश्वराचे नावही नसते. धर्म निरीश्वर असू शकतो, हे याहून स्पष्ट कुठे दिसावे? मात्र त्यावरून नुसती निरीश्वरता हाच धर्म ठरत नाही, कारण तिला संघ नाही, संस्कार नाहीत, दीक्षाही नाही. दापोलीजवळच्या मुरूडच्या कर्वे घराण्यातले र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत राहिले. ते कट्टर बुद्धिवादी होते, पण त्यांनी पंथ काढला नाही.

कायद्याची वाट वेगळी आहे. १८७२च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करणाऱ्या जोडप्याला आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख वा जैन यांपैकी कोणताच धर्म मानत नाही, असे लिहून द्यावे लागे, त्यामुळे श्रद्धा असलेल्यांनाही कागदोपत्री निधर्मी व्हावे लागले. ही अट १९२३ साली काही धर्मीयांपुरती शिथिल झाली आणि १९५४च्या नव्या कायद्यात पूर्णपणे गेली. त्याच १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिरूर मठाच्या प्रकरणात, धर्म ईश्वरवादीच असला पाहिजे असे नाही, हे बौद्ध आणि जैन धर्मांचा दाखला देऊन नोंदवले. पुढे २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदातल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात ‘मी कोणताच धर्म मानत नाही’ असे म्हणण्याचा हक्कही येतो आणि सरकार कोणाला धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही. न्यायालयाने नास्तिकतेला धर्माचा दर्जा दिला नाही. धर्म न मानण्याला धर्म मानण्याइतकेच संरक्षण दिले, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते.

वारसाहक्काच्या बाबतीत मात्र जुनीच चौकट कायम आहे. हिंदू कुटुंबात जन्मलेला, दुसरा धर्म न स्वीकारलेला नास्तिक वारला आणि त्याने मृत्युपत्र केलेले नसले, तर त्याची कलमांची बाग १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच वारसांकडे जाते. सातबाऱ्यावर नावे चढवताना मयताची देवावर श्रद्धा होती का, हे कोणी विचारत नाही.