ग्रंथपालांचे निरंतर उच्चशिक्षण (मुंबई)

नोकरीत असलेले ग्रंथपाल व माहितीसेवक पदवीनंतर चालू ठेवतात ते विद्यापीठीय शिक्षण. एम.लिब. (ग्रंथालयशास्त्रातील पदव्युत्तर पदवी), पीएच.डी. आणि उजळणी वर्ग ही त्याची रूढ रूपे होत.

भारतात ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणाचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. सयाजीराव गायकवाडांनी बोलावलेले अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांनी १९११ च्या सुमारास बडोद्यात काढलेला वर्ग बहुधा पहिला मानला जातो. विद्यापीठीय मान्यतेला महत्त्व देणारे अभ्यासक लाहोरच्या पंजाब विद्यापीठात एसा डॉन डिकिन्सन यांनी १९१५ मध्ये सुरू केलेल्या वर्गाला अग्रमान देतात. मद्रास ग्रंथालय संघाचा १९२९ चा उन्हाळी वर्ग ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या पुढाकाराने सुरू झाला. तो १९३१ मध्ये मद्रास विद्यापीठाने स्वीकारला व १९३७ मध्ये त्याची पदव्युत्तर पदविका झाली. पदव्युत्तर शिक्षण हीच कसोटी लावल्यास मद्रासचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो.

मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र पदविकेचे आरंभवर्ष कोठे १९४३, तर कोठे १९४४ असे आढळते. १९४३-४४ असा निर्देश करणे इष्ट. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी (एस.एन.डी.टी.) महिला विद्यापीठाचे ग्रंथालयशास्त्र विद्यालय १९६१ चे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने उजळणी वर्गांची सांगड पदोन्नतीशी घातल्यावर महाविद्यालयीन ग्रंथपाल या शिक्षणाकडे नियमितपणे वळले. नोकरी न सोडता पदवी घेण्याची सोय इंदिरा गांधी व यशवंतराव चव्हाण या मुक्त विद्यापीठांनी केली. मात्र ग्रंथांच्या विषयवार वर्गीकरणाचा सराव घरबसल्या पुरेसा होत नाही. ड्यूई दशांश वर्गीकरण पद्धतीत मुख्य अंकाला साहाय्यक तालिकांतील अंक जोडून वर्गांक, म्हणजे ग्रंथाचा विषय दर्शवणारा अंक, बांधावा लागतो. रंगनाथनांच्या द्विबिंदू वर्गीकरण पद्धतीत (कोलन क्लासिफिकेशन) व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश, काल या क्रमाने विषयाचे पैलू मांडावे लागतात. येथील चूक जाणत्याने तेथल्या तेथे दाखवली तरच सुधारते. म्हणून मुक्त विद्यापीठांच्या संपर्कवर्गांत (प्रत्यक्ष भरणाऱ्या वर्गांत) प्रात्यक्षिकाला अधिक तास द्यायला हवेत.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खालील अनुदानित वाचनालयांच्या सेवकांसाठी प्रामुख्याने प्रमाणपत्र वर्गच आहेत. 'क' व 'ड' या खालच्या श्रेणींतील वाचनालयांच्या तुटपुंज्या वेतनात पुढील शिक्षणाचे शुल्क भरणे कठीण असते, आणि पदोन्नतीचे बळही त्यामागे नसते.