८०८०, ८००५, ८००९ : टॉमकॅटच्या सेटिंगमागची पार्श्वभूमी

टॉमकॅट, म्हणजे जावातली वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर, सांभाळणाऱ्यांना लॉगमधल्या काही ओळी पाठ झालेल्या असतात. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’, ‘एरर लिसनरस्टार्ट’, ‘आउटऑफमेमरीएरर: पर्मजेन स्पेस’. अशी ओळ दिसली की जुन्या प्रोजेक्टमधली एखादी सेटिंग उचलायची, नव्या सर्व्हरवर चिकटवायची, रीस्टार्ट करायचं आणि चाललं की पुढच्या कामाला लागायचं, अशी सर्रास पद्धत आहे. ती सेटिंग मुळात कशासाठी आली होती हे सहसा कुणी सांगत नाही. त्यामुळे गरज संपलेल्या सेटिंग वर्षानुवर्षं एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जात राहतात, आणि त्यातल्या काही आज धोक्याच्या ठरल्या आहेत. टॉमकॅटच्या बहुतेक सेटिंगला स्वतःचा काळ आणि स्वतःचं कारण आहे. ते माहीत असलं, तर बिघाड शोधायला कुठून सुरुवात करायची हे लवकर कळतं.

सुरुवात सर्व्हलेटपासून, म्हणजे वेबवरच्या रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या जावा कोडपासून, करावी लागते. १९९० च्या दशकात वेबवर दर वेळी बदलणारी माहिती दाखवायची तर सीजीआय ही पद्धत वापरत. त्यात प्रत्येक रिक्वेस्टला नवी प्रोसेस सुरू व्हायची आणि उत्तर दिलं की संपायची. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९७ मध्ये आणलेल्या सर्व्हलेटमध्ये एकच जावा प्रोसेस सतत चालू राहते आणि प्रत्येक रिक्वेस्ट तिच्यातल्या एका थ्रेडवर, म्हणजे कामाच्या स्वतंत्र धाग्यावर, हाताळली जाते. वेग वाढला, पण त्याबरोबर एक जोखीमही आली. सीजीआयमध्ये प्रोसेस मेली की तिची मेमरी आपोआप मोकळी व्हायची. इथे सगळी ॲप्लिकेशन एकाच प्रोसेसमध्ये राहत असल्यामुळे एकाने मेमरी अडवून ठेवली की त्रास सगळ्यांना होतो. टॉमकॅटच्या पुढच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या एका निर्णयात आहे.

सर्व्हलेट आणि जेएसपी (जावा मिसळून लिहिलेली वेब पानं) यांचं नमुना इम्प्लिमेंटेशन सनमध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिलं. १९९९ मध्ये सनने तो कोड अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनला दिला आणि त्याच वर्षी टॉमकॅट ३.० बाहेर पडला. हा कोड बिल्ड करण्यासाठी डेव्हिडसन यांनीच लिहिलेलं छोटं साधन म्हणजे अँट, जे पुढे जावाच्या जगात घरोघरी पोहोचलं. वॉर फाइल (अख्खं ॲप्लिकेशन एका फाइलमध्ये) आणि वेब.एक्सएमएल (त्याची सेटिंग) या दोन्ही गोष्टी त्याच सुमारास, सर्व्हलेट २.२ मध्ये, ठरल्या. २००१ मध्ये आलेल्या ४.० साठी सर्व्हलेट कंटेनर नव्याने लिहिला गेला. स्ट्रट्स या जावा वेब फ्रेमवर्कचे जनक क्रेग मॅक्लॅनहन यांच्या त्या रचनेचं नाव कॅटालिना. कॅटालिना.एसएच, कॅटालिना.आउट आणि कॅटालिना_होम ही नावं तेव्हापासून टिकून आहेत. एचटीटीपी बोलणारा भाग कोयोट, जेएसपी कंपाइल करणारा जॅस्पर. स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे चूक झाली तिथपर्यंतच्या कॉलच्या यादीत, यातलं कोणतं नाव वर आहे, एवढ्यावरून बिघाड कोणत्या थरात आहे याचा बराचसा अंदाज येतो.

आता शीर्षकातले तीन पोर्ट, म्हणजे मशीनवर कनेक्शन घेण्याचे क्रमांक. ८०८० चं कारण साधं आहे. युनिक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट उघडायला रूटचे, म्हणजे मुख्य प्रशासकाचे, अधिकार लागतात आणि टॉमकॅट रूट म्हणून चालवणं कधीच शहाणपणाचं नव्हतं. म्हणून ८० ऐवजी ८०८०, आणि त्याच न्यायाने ४४३ ऐवजी ८४४३. ८००५ चं काम वेगळं. शटडाउन स्क्रिप्ट ही चालू टॉमकॅटहून वेगळी प्रोसेस असते आणि तिला टॉमकॅटपर्यंत ‘थांब’ हा निरोप पोहोचवायचा असतो. विंडोज असो वा युनिक्स, सगळीकडे सारखी चालणारी वाट म्हणजे सॉकेट. त्यामुळे टॉमकॅट लोकलहोस्टवर ८००५ उघडून बसतो आणि त्यावर ‘शटडाउन’ हा शब्द आला की स्वतःला बंद करतो. मशीनवर बऱ्याच जणांचा वावर असेल तर हा पोर्ट उणे एक करून बंद ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकाच मशीनवर दुसरा टॉमकॅट बसवताना बरेच जण फक्त ८०८० बदलतात. मग काय होतं ते बघण्यासारखं आहे. टॉमकॅट सगळी ॲप्लिकेशन चढवतो, ‘सर्व्हर स्टार्टअप’ची ओळही लॉगमध्ये येते, आणि त्यानंतर ८००५ उघडता न आल्यामुळे तो शांतपणे बंद पडतो. उलट फक्त ८०८० अडकलेला असेल, तर मूळ सेटिंगमध्ये प्रोसेस जिवंतच राहते. साइट मात्र उघडत नाही. पोर्टची टक्कर दोन्हीकडे आहे, पण लक्षणं अगदी उलटी. म्हणून नुसतं ‘प्रोसेस चालू आहे का’ हे बघून भागत नाही. लॉगची पहिली पन्नास ओळ आणि शेवटची पन्नास ओळ, दोन्ही वाचाव्या लागतात.

शटडाउनचा निरोप पोहोचूनही टॉमकॅट न थांबणं ही आणखी एक जुनी तक्रार. जावाचा नियम असा की एकही नॉन-डीमन (पार्श्वभूमीतला म्हणून न नोंदवलेला) थ्रेड जिवंत असेल तोवर प्रोसेस संपत नाही. ॲप्लिकेशनने स्वतः सुरू केलेला आणि न थांबवलेला एखादा थ्रेड पुरतो. थेट ‘किल नाइन’ करून प्रोसेस सक्तीने मारण्याआधी थ्रेड डंप, म्हणजे चालू थ्रेडची यादी, घेतला, तर त्या थ्रेडचं नाव हाती लागतं आणि खरा इलाज ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये करता येतो.

‘एरर लिसनरस्टार्ट’ने तर एका पिढीला छळलं. कॅटालिना.आउट या लॉग फाइलमध्ये एवढीच ओळ, आणि तिच्याखाली ‘आधीच्या चुकांमुळे कॉन्टेक्स्ट (म्हणजे ते ॲप्लिकेशन) सुरू झाला नाही’ अशा अर्थाची दुसरी. आधीच्या चुका कोणत्या, ते कुठेच दिसत नाही. याचं कारण टॉमकॅट ५.५ मध्ये आलेल्या ज्युली या लॉगिंग व्यवस्थेत आहे. ती प्रत्येक वेब ॲप्लिकेशनचे लॉग वेगळे ठेवू शकते, आणि मूळ मांडणीत कंटेनरचे निरोप एका फाइलमध्ये तर होस्टखालच्या ॲप्लिकेशनचे निरोप लोकलहोस्ट आणि तारीख असं नाव असलेल्या दुसऱ्या फाइलमध्ये जातात. पूर्ण स्टॅक ट्रेस बहुतेक वेळा त्या दुसऱ्या फाइलमध्ये आधीपासून पडलेला असतो. पुढच्या आवृत्त्यांमध्ये निरोपाची भाषा सुधारली आणि ‘तपशील संबंधित कंटेनरच्या लॉगमध्ये पाहा’ असं सांगितलं जाऊ लागलं. तरीही लोक कॅटालिना.आउटच चाळत बसतात.

मराठीत साइट करणाऱ्यांसाठी सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय म्हणजे अक्षरांचं एन्कोडिंग, अर्थात अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत. सर्व्हलेटचे नियम लिहिले गेले तेव्हा वेबची गृहीत लिपी आयएसओ-८८५९-१ होती, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांपुरती. ब्राउझरने एन्कोडिंग सांगितलं नाही, तर रिक्वेस्टमधला मजकूर त्याच लिपीतला समजायचा, असा नियम झाला. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि आयएसओ-८८५९-१ मध्ये प्रत्येक बाइट हे स्वतंत्र अक्षर. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं आहेत. त्याचे होतात बारा बाइट, आणि सर्व्हरला दिसतात बारा भलतीच अक्षरं. देवनागरीचा पहिला बाइट नेहमी सारखाच असल्यामुळे त्या कचऱ्यात दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन लिपीतला लहान ‘ए’ येत राहतो.

पोस्टने, म्हणजे यूआरएलबाहेरून, आलेल्या फॉर्मसाठी उपाय होता : पॅरामीटर वाचायच्या आधी फिल्टरमधून एन्कोडिंग यूटीएफ-८ करायचं. टॉमकॅट ४.१ मध्ये हेच एन्कोडिंग यूआरएलमधल्या पॅरामीटरनाही लागू व्हायचं. टॉमकॅट ५ पासून यूआरएलचं एन्कोडिंग वेगळं झालं आणि ते कनेक्टरवर (पोर्ट उघडून रिक्वेस्ट घेणाऱ्या भागावर) ‘यूआरआयएन्कोडिंग’ या सेटिंगने सांगावं लागू लागलं. नाही सांगितलं तर पुन्हा आयएसओ-८८५९-१. त्यामुळे एक चमत्कारिक स्थिती तयार झाली. मराठी लेख पोस्टने नीट साठवला जायचा, वाचताना नीट दिसायचा, पण शोधाच्या चौकटीत मराठी शब्द टाकला की काहीच सापडायचं नाही, कारण शोध गेटने, म्हणजे यूआरएलमधून, जायचा. फिल्टर बरोबर, डेटाबेस बरोबर, तरी शोध रिकामा! २०१४ मध्ये स्थिरावलेल्या टॉमकॅट ८ ने यूआरएलसाठी यूटीएफ-८ हेच मूळ मूल्य केलं. जगातल्या एवढ्या लिप्यांना ही साधी सोय मिळायला पंधरा वर्षं लागली, याचं मला आजही वाईट वाटतं.

इथे तपासणीची एक खूण उपयोगी पडते. तिरक्या रेघेचे ‘ए’ दिसत असतील, तर बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या लिपीत वाचले गेले आहेत. मजकूर परत मिळवता येतो. प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर देवनागरी न मावणाऱ्या लिपीत रूपांतर होऊन गेलं आहे आणि मूळ अक्षरं हरवली आहेत. अशा वेळी बहुधा डेटाबेसकडे आणि त्याच्या कनेक्शनकडे बघावं लागतं. मायएसक्यूएलचं मूळ एन्कोडिंग ८.० आवृत्ती येईपर्यंत लॅटिन-१ होतं, हेही लक्षात ठेवावं. जावाने स्वतः यूटीएफ-८ हे मूळ एन्कोडिंग मानलं ते २०२२ मध्ये, जावा १८ पासून. त्याआधी ‘फाइल.एन्कोडिंग’ची ओळ स्टार्टअपमध्ये टाकावी लागायची, आणि ती अनेक ठिकाणी अजून आहे.

मेमरीकडे वळू. टॉमकॅट प्रत्येक ॲप्लिकेशनला वेगळा क्लासलोडर (त्याचा कोड, म्हणजे क्लास, मेमरीत आणणारा भाग) देतो, म्हणजे सर्व्हर न थांबवता नवी वॉर फाइल चढवता येते. जुनं ॲप्लिकेशन उतरवल्यावर त्याचा क्लासलोडरही मेमरीतून जायला हवा. पण त्याच्यातल्या एका वस्तूचा संदर्भ जरी बाहेर कुठे अडकलेला असेल, उदाहरणार्थ जेडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारा) किंवा थ्रेडलोकल (थ्रेडला चिकटवलेली माहिती), तर अख्खा क्लासलोडर त्याच्या सगळ्या क्लाससकट राहून जातो. दोन-चार वेळा डिप्लॉय केलं की पर्मजेन, म्हणजे जावाने क्लाससाठी राखलेली मर्यादित जागा, भरायचं. टॉमकॅट ६.०.२४ पासून, २०१० मध्ये, अशा गळत्या ओळखण्याची आणि जमेल तिथे रोखण्याची सोय आली. टॉमकॅट ७ मध्ये मॅनेजर या व्यवस्थापनाच्या पानावर गळती शोधण्याचं बटणही मिळालं. ड्रायव्हरची नोंद सक्तीने काढून टाकल्याचा जो इशारा लॉगमध्ये येतो, तो ६.०.२४ पासूनचा. तो टॉमकॅटचा दोष नाही, ॲप्लिकेशनने सोडून दिलेलं काम टॉमकॅटने केल्याची ती नोंद आहे.

मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ ने पर्मजेन काढून मेटास्पेस आणलं. मेटास्पेसला मुळात वरची मर्यादा नसते. त्यामुळे ती प्रसिद्ध एरर दिसेनाशी झाली आणि गळती संपली असं अनेकांना वाटलं. गळती तिथेच आहे. आता ती ऑपरेटिंग सिस्टिमची मेमरी खात जाते, आणि शेवटी लिनक्सच जावाची प्रोसेस मारतो. टॉमकॅट कोणताही निरोप न देता गायब झाला असेल, तर टॉमकॅटच्या नाही, कर्नलच्या लॉगमध्ये बघायचं. मेटास्पेसला मर्यादा घालून ठेवणं बरं. निदान चूक तिच्या नावाने समोर येते.

राहिला ८००९. अपाचेकडे टॉमकॅटच्या आधी जेसर्व्ह नावाचं सर्व्हलेट इंजिन होतं. पुढे अपाचे एचटीटीपी सर्व्हर आणि मागे जावा, अशी मांडणी तेव्हा रूढ होती, कारण चित्रं, साधी पानं आणि एचटीटीपीएस ही कामं पुढचा सर्व्हर चांगली करायचा. दोघांमधल्या संवादासाठी एजेपी हा बायनरी प्रोटोकॉल होता. जेसर्व्ह गेलं, पण एजेपी टॉमकॅटमध्ये आला आणि ८००९ वर स्थिरावला. या प्रोटोकॉलमध्ये पलीकडचा सर्व्हर विश्वासातला आहे हे गृहीत धरलेलं आहे. वापरकर्ता कोण, कनेक्शन सुरक्षित आहे की नाही, रिक्वेस्टचे अंतर्गत गुणधर्म काय, हे पुढचा सर्व्हर सांगेल ते टॉमकॅट मानतो.

आणि हा पोर्ट मूळ सर्व्हर.एक्सएमएलमध्ये चालू असायचा, तोही मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर. फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट हा सुरक्षेतला दोष, म्हणजे सीव्हीई-२०२०-१९३८, जाहीर झाला. ८००९ पर्यंत पोहोचणारा कुणीही अंतर्गत गुणधर्म स्वतः पाठवून ॲप्लिकेशनमधल्या फाइल वाचू शकत होता, वेब-आयएनएफ या बाहेरून न दिसणाऱ्या फोल्डरमधल्यासुद्धा. ॲप्लिकेशनच्या फोल्डरमध्ये फाइल अपलोड करण्याची सोय असेल, तर ती फाइल जेएसपी म्हणून चालवताही येत होती. ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० या आवृत्त्यांमध्ये एजेपी मुळात बंद झाला, चालू केला तर फक्त लूपबॅकवर (त्याच मशीनच्या आतल्या पत्त्यावर) ऐकू लागला, आणि ‘सीक्रेट’, म्हणजे दोन्ही सर्व्हरना माहीत असलेला गुप्त शब्द, सक्तीचं झालं. त्या अपडेटनंतर अनेकांचे चालते सर्व्हर ‘सीक्रेटरिक्वायर्ड’ची तक्रार करून अडले, आणि घाईत सीक्रेटची सक्तीच काढून टाकण्याचा उपाय पसरला. पुढे अपाचे नसेल तर एजेपीची काही गरज नाही. असेल तर दोन्हीकडे सीक्रेट जुळवावं. सक्ती काढणं म्हणजे २०२० च्या आधीचं भोक पुन्हा उघडणं.

अलीकडचा मोठा बदल कायदेशीर कारणाने झाला. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली. २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई, म्हणजे सर्व्हलेटसकट सर्व्हरवरच्या जावाचे नियम, एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं जाहीर केलं, पण जावा हे नाव आणि जावाएक्स हा पॅकेज उपसर्ग (कोडमधल्या नावांच्या सुरुवातीला येणारा शब्द) दिला नाही. २०१९ मध्ये बोलणी फिसकटली आणि जावाएक्सखालच्या पॅकेजमध्ये नवे बदल करता येणार नाहीत हे ठरलं. म्हणून २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळी पॅकेज जकार्ता या उपसर्गाखाली गेली. टॉमकॅट ९ जावाएक्सवर राहिला, टॉमकॅट १० जकार्तावर गेला.

यातून येणारा बिघाड फसवा असतो. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या ५ आवृत्तीवरचं ॲप्लिकेशन टॉमकॅट १० वर टाकलं, तर ते अनेकदा कुरकूर न करता डिप्लॉय होतं आणि प्रत्येक पत्त्यावर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, देतं. टॉमकॅट १० जकार्ताच्या नावाने नोंद शोधतो, ॲप्लिकेशनमध्ये ती जावाएक्सच्या नावाने असते, त्यामुळे सर्व्हलेट सुरूच होत नाही. स्प्रिंग बूट ३ ची वॉर फाइल टॉमकॅट ९ वर टाकली की नेमकं हेच उलट बाजूने घडतं. लॉग स्वच्छ, ॲप्लिकेशन चढलेलं आणि सगळीकडे ४०४ असेल, तर यूआरएल, कॉन्टेक्स्ट पाथ, सिक्युरिटी यांच्यात डोकं घालण्याआधी कोडमधल्या इम्पोर्टच्या ओळी (जावाएक्स की जकार्ता) बघाव्यात. जुना सोर्स कोड हाती नसेल, तर टॉमकॅट १० मध्ये ‘वेबॲप्स-जावाईई’ या फोल्डरची सोय आहे : तिथे टाकलेली जुनी वॉर फाइल टॉमकॅट स्वतः जकार्तात बदलून घेतो.