परक्या भाषेचे उच्चार: दोष जिभेचा की कानाचा?

मोठेपणी नवी भाषा शिकणाऱ्याचा उच्चार चुकला की खापर जिभेवर फुटतं. जुन्या शिक्षकांचाही तोच समज होता. पॉल पासी आणि इतर भाषाशिक्षकांनी १८८६ मध्ये पॅरिसला संघटना काढली, तिच्यातूनच कुठल्याही भाषेचे उच्चार लिहून दाखवणारी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी आली. पुढे शिकवण्याचा भर राहिला तो जीभ आणि ओठ कुठे, कसे ठेवायचे यावर. फ्रेंचमधला एक स्वर यायला 'ई' म्हणत राहायचं आणि जीभ न हलवता ओठांचा चंबू करायचा. ही युक्ती आजही चालते.

कानाकडे बोट दाखवलं ते भाषाशास्त्रज्ञ निकोलाय त्रुबेत्स्कॉय यांनी. १९३९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर आलेल्या ग्रंथात ते म्हणतात की परकं बोलणं आपण स्वभाषेच्या चाळणीतूनच ऐकतो. पण १९६७ मध्ये भाषेचे अभ्यासक एरिक लेनेबर्ग यांनी भाषा सहज येण्याची मुदत पौगंडावस्थेत संपते असं मांडलं आणि 'आता वय गेलं' म्हणायला सगळ्यांना आयतं कारण मिळालं.

चाळणीची प्रचीती १९७१ मध्ये जपानी प्रौढांवरच्या एका अभ्यासात आली. इंग्रजीतले 'र' आणि 'ल' नीट उच्चारणाऱ्या काहींना ते ऐकून मात्र वेगळे ओळखता येईनात! १९८४ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. बाळ वर्षाचं होईपर्यंत तो बराचसा पुसला गेलेला असे. आपल्याला या दोन अक्षरांत गल्लत होऊ शकते हेच खरं वाटत नाही.

मग ही चाळणी बदलते का? १९९१ मध्ये जपानी प्रौढांना 'राइट–लाइट'सारख्या जोड्या अनेकांच्या आवाजात ऐकवल्या आणि चूक की बरोबर ते लगेच सांगितलं. त्यांचा कान सुधारला. उच्चारांचे अभ्यासक जेम्स फ्लेगी यांनी १९९५ मध्ये ध्वनी शिकण्याची क्षमता आयुष्यभर टिकते असं मांडलं. अडचण होते ती ओळखीच्या ध्वनीशी मिळत्याजुळत्या ध्वनींची, कारण ते जुन्याच खात्यात जमा होतात.

जपानी प्रौढांवरच्याच १९९७ च्या एका अभ्यासाचा निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नुसतं ऐकण्याच्या सरावाने, जीभ कुठे ठेवायची हे न सांगताही, बोलणं सुधारलं. मात्र ज्याचा कान जास्त सुधारला त्याचाच उच्चार जास्त सुधारला, असं काही दिसलं नाही.