नवं तट्टू घरी येताच बिघडलं तर

"बाजारात किती गरीब होतं! पोराला पाठीवर घेऊन निवांत फिरलं. आता चावतं, जीन पाहिली की कान पाडतं." नाशिकमधले पालक आमच्या तबेल्यात हीच तक्रार घेऊन येतात. विकणाऱ्याने फसवलं, असं लगेच वाटतं. कधी ते खरंही असतं. पण खोड समजून छडी उचलण्याआधी त्याचं अंग आणि दिनक्रम तपासा, एवढीच आमची कळकळीची विनंती.

सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा येवल्याच्या बाजारातून आलेलं जनावर प्रवासाने आणि गर्दीने थकलेलं असतं. थकलेलं तट्टू शहाणं दिसतं. घरी दोन वेळा हरभऱ्याची चंदी (दाण्याचा खुराक) आणि काम जेमतेम अर्धा तास, असं सुरू झालं की ते उधळू लागतं. हलकं काम करणाऱ्या तट्टाला चंदी बहुधा लागतच नाही. २०० किलोच्या तट्टाला रोज ४ किलोच्या आसपास कोरडा चारा, भरपूर पाणी आणि मिठाचा खडा पुरतो. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, नाहीतर पोटशूळ उठतो. आपल्याकडे कांदा सहज हाताशी असतो, पण पात किंवा खराब कांदा चुकूनही घालू नका. त्याने घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट-तांबूस होते आणि जनावर मलूल पडतं.

तोंडाकडे नीट बघा. गव्हाणीपाशी अर्धवट चावलेले, लाळेने भिजलेले चाऱ्याचे बोळे पडलेले दिसले तर दाढांची शंका घ्या. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे वरच्या दाढांना बाहेरच्या बाजूने धार येते. आतून गाल सोलतो, आणि मुलाने लगाम ओढला की तट्टू डोकं उडवतं. पशुवैद्यांकडून दाढा घासून घ्या. लगाम काटेरी असेल तर आजच काढून टाका. १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याला बंदी आहे.

मोठ्या घोड्याची जीन खाली गोधडीची घडी घालून बसवलेली आम्ही नेहमी पाहतो. ती पुढे सरकते आणि खांद्यात रुतते. तंग (जिनीचा पोटाखालचा पट्टा) आवळताना तट्टू मान वळवून चावायला आलं, तर कोपराच्या मागे हात फिरवा. तिथे केस गेलेले किंवा कातडी सुजलेली असेल तर जखम भरेपर्यंत जीन नको. ओझं जिनीसकट तट्टाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा, म्हणजे २०० किलोच्या तट्टावर ४० किलो. पाहुण्यांना फोटोपुरतंही बसवू नका.

वरातीत नाचवलेल्या घोडीला वाद्यांच्या तालावर पाय उचलायला शिकवलेलं असतं. कोपऱ्यावर नाशिक ढोल वाजला आणि ती थयथयाट करू लागली, तर ती शिकवलेलं काम करते आहे. तिला मारू नका. घेतानाच विचारा, लग्नात वापरली आहे का?

एकटं बांधलेलं तट्टू सारखं खिंकाळतं आणि फाटकाबाहेर पडायला अडतं. घोडा कळपातला प्राणी आहे. सोबतीला शेळी बांधली तरी बरंच शांत होतं.

हातावर गूळ भरवणं बंद करा. बोटं चावायची सवय बहुतेक वेळा तिथूनच लागते. खाऊ बादलीत टाका.

तट्टाला वळण लावणं हे मुलाचं काम नाही. मोठ्या माणसाने मोहरकी (तोंडावरची दोरीची मुसकी) धरून रोज ठरल्या वेळी पंधरा मिनिटं "चल, थांब, मागे हो" एवढंच करून घ्यावं. ते थांबलं की त्याच क्षणी दोर सैल सोडावा. त्याला तेवढी शाबासकी कळते. पहिले दोन आठवडे मुलाने हेल्मेट घालून, मोठ्यांच्या देखत फक्त खरारा करावा, म्हणजे ब्रशने अंग घासावं.

दुखणं नाही असं पशुवैद्यांनी सांगितल्यावरही तट्टू मुद्दाम वळून लाथ मारत असेल किंवा दोन पायांवर उभं राहत असेल, तर त्यावर मूल बसवू नका. ते आमच्या तबेल्यात आणा. येताना त्याची जीन, लगाम आणि रोजच्या चंदीची मूठभर पुडी सोबत असू द्या.